वांगीफुली फीत

पांडेसऱ्यात मालतीबाई बोरसे कुठे राहतात हे कुणाला विचारावं लागत नसे. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून कान दिला की पुरे. सकाळच्या पाळीचा भोंगा व्हायचा आणि त्या भोंग्याच्याही वर आवाज चढवून मालतीबाई नळावर कुणाला ना कुणाला शहाणपण शिकवत असायच्या. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही असं सगळी गल्ली म्हणायची. पण पोराला ताप भरला, रेशनवाल्यानं मापात मारलं, नाहीतर कुणाच्या नवऱ्यानं हात उगारला, की हीच गल्ली आधी मालतीबाईंचं दार ठोठावायची.

माणसं खानदेशातली. धुळ्याकडची तुटपुंजी शेती भावांवर सोपवून नवरा-बायको लहानग्या वाल्मिकला घेऊन सुरतेला आली, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. वाल्मिक मोठा होऊन लूमवर लागला होता. नवरा सुकदेव साड्या छापणाऱ्या मिलच्या कलर किचनमध्ये, म्हणजे रंग कालवायच्या खोलीत कामाला. पावडरी घ्यायच्या, बादलीत घोटायच्या आणि मास्तर सांगेल ती छटा काढून द्यायची. बायको जेवढी बोलकी तेवढाच हा मुका. मिलमध्ये आज कुठला रंग चालला ते मात्र त्याला विचारावं लागत नसे; कोपरापर्यंत हात त्याच रंगाचे असत.

चौऱ्याण्णव साली प्लेगची बातमी फुटली आणि अर्धं सुरत मिळेल त्या गाडीनं पळालं. मालतीबाईंनीही गाठोडं बांधलं होतं. तेव्हा सुकदेव वर्षातून एकदा बोलतो तसा बोलला.

"मरानं व्हई ते आठेच मरसूत. गाडीमा चेंगरीसन कसाले मरानं?"

गाठोडं सुटलं. त्याच आठवड्यात मालतीबाई खोकल्याचं औषध आणायला डॉ. देसायांच्या दवाखान्यात गेल्या, तर डॉक्टर स्वतः झाडू मारत होते. कंपाउंडर पळाला होता, झाडूवाली पळाली होती, डॉक्टर तेवढे राहिले होते. मालतीबाईंनी त्यांच्या हातातला झाडू काढून घेतला. "तुम्ही सुया मारा दाक्तरसाहेब, हे काम आमचं." कंपाउंडर पुढे आला नाही तो आलाच नाही, आणि मालतीबाई गेल्या नाहीत त्या गेल्याच नाहीत. झाडू मारता मारता त्या नंबर लावायला लागल्या, मग पोरांचं वजन करायला लागल्या, आणि वर्षभरात दवाखाना कुणाचा असा प्रश्न पडावा इतकं त्यांचं तिथं चालायला लागलं.

डॉ. देसाई बलसाडकडचे गुजराती. मन लोण्याचं, राग काडेपेटीतला. मराठी बोलायची त्यांना भारी हौस, पण त्यांचं मराठी ऐकलं की मराठी माणसाला आपणच गुजराती शिकून घ्यावं असं वाटे. गल्लीचा त्यांच्यावर जीव होता. आपल्या पेशंटांची सगळी पोरं वेळेवर टोचून झालेली असतात, असा डॉक्टरांचा पक्का समज होता. तो मोडला शहाण्णवच्या दिवाळीनंतर.

त्या वर्षी मेडिकल कॉलेजकडून सुषमा नावाची तरुण डॉक्टर वस्तीतल्या खासगी दवाखान्यांतून फिरायला लागली. काम असं की घरच्या डॉक्टरांनीच लहान पोरांना सगळ्या लशी द्याव्यात, नीट नोंद ठेवावी, आणि कुठलं पोर राहिलं ते आपल्याला आपणच कळावं. लस सरकारी, फुकट मिळणार. डॉक्टरांनी फक्त फ्रीज नीट ठेवायचा. देसायांच्या फ्रीजमधून सुषमानं पहिल्याच दिवशी पाण्याच्या बाटल्या, श्रीखंडाचा डबा आणि डॉक्टरांचा आमरस बाहेर काढला. तेव्हापासून मालतीबाईंनी त्या फ्रीजला देव्हाऱ्याची कळा आणली, असं डॉक्टर कुरकुरायचे. कारण उघडायला त्यांनाही परवानगी घ्यावी लागे.

मग सुषमानं कार्डांचे खोके मागितले. बुटांचे खोके होते, आडनावाप्रमाणे लावलेले. एकटा 'पाटील' लिहिलेला खोका इतर सगळ्यांपेक्षा जड. त्यात कुणी 'बाबो पाटील', कुणी 'बेबी पाटील', कारण बारशाआधीच पोरं दवाखान्यात येत आणि पुढे कुणी नाव बदलून लिहीत नसे. पत्ते बघावेत तर माणसांनी खोल्या बदललेल्या. सुषमा कार्डं घेऊन घरोघर फिरली आणि संध्याकाळी येऊन हळूच म्हणाली, "सर, निम्म्यांचेसुद्धा डोस पूर्ण नाहीत."

"माझ्या दवाखान्यात? बने ज नाही!" डॉक्टर ओरडले.

पण माणूस सरळ. पुढच्या रविवारी स्वतः तिच्याबरोबर गल्ली गल्ली फिरले. कुठे पोर गावी जन्मलं होतं आणि तिकडे काय टोचलं ते इकडे कुणाला ठाऊक नव्हतं. कुठे आजी म्हणाली, "पोलिओना डोस पाजी दिधा ना, मंग सुई कसाले?" कुठे नुसतंच "लेकरू झोपेल शे." डॉक्टर परत आले ते पाय चोळत बसले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या अंगात वारं शिरलं. सुषमा सुट्टीवर घरी गेली होती, तेवढ्यात त्यांनी गठ्ठाभर पोस्टकार्डं आणली आणि घरी बसून, डोस राहिलेल्या प्रत्येक पोराच्या घरी सुवाच्य गुजरातीत स्मरणपत्र लिहिलं. कोणतं कार्ड रजिस्टरमध्ये चढलं ते ओळखता यावं म्हणून चढलेल्या कार्डाचा एक कोपरा कात्रीनं उडवला आणि सगळी कार्डं जातीनं पेटीत टाकून आले.

आपल्याकडे कोपरा फाटलेलं कार्ड घरात आलं म्हणजे कुणीतरी गेल्याची खबर, हे त्या भल्या माणसाला कुठून माहीत असणार? पोस्टमन गल्लीत शिरला आणि पहिल्या दारात हंबरडा फुटला. मग दुसऱ्या, मग चौथ्या. पुरुष पाळीवर, बायकांना वाचता येईना, ज्यांना येत होतं त्यांना गुजराती येईना. कुणी सासऱ्याच्या नावानं रडतंय, कुणी मोठ्या दिराच्या. शेवटी सगळा आकांत पोरं कडेवर घेऊन कार्डं वाचून घ्यायला दवाखान्यावर आला. डॉक्टर बाहेर आले तर दारात पंचवीस बायका ऊर बडवतायत. त्यांना वाटलं गिरणीत बॉयलर फुटला.

मालतीबाईंनी एक कार्ड हातात घेतलं, कोपरा पाहिला, डॉक्टरांकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "वाचा आता तुम्हीच," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी वाचलं. "बेबी पाटील. तीसरा डोस बाकी छे."

मग एका बाईनं शिवी हासडली, दुसरीला हसू फुटलं, आणि डोळे पुसता पुसता सगळी गर्दी अशी हसत सुटली की शेजारचा पानवाला बघायला आला. डॉक्टरांनी कान धरले, सगळ्यांना चहा पाजला. पोरं कडेवर होतीच. त्या दिवशी दवाखान्यात जेवढी पोरं टोचली गेली तेवढी आख्ख्या महिन्यात गेली नव्हती.

गर्दी पांगल्यावर मालतीबाई म्हणाल्या, "दाक्तरसाहेब, खूण पाहिजे हे बराबर. पण बघून रडू येईल अशी नको. शोभेची पाहिजे."

शोभेची म्हणजे काय ते त्यांनाही तेव्हा सुचलं नव्हतं. घरी जाताना सुचलं. पांडेसऱ्यात ज्या खोलीत तान्हं मूल, त्या खोलीत दारासमोरच साडीची झोळी टांगलेली असते. दार उघडं, झोळी रस्त्यावरून दिसणार. एकदा टोचलं की त्या झोळीच्या दोरीला एक रंगीत फीत बांधायची. दुसऱ्यांदा टोचलं की दुसरी. गल्लीतून नुसतं चालत गेलं की कुणाचं काय राहिलंय ते दिसेल. कार्ड नको, पत्ता नको, नाव नको. सुषमा परत आल्यावर तिला हे सांगितलं तर ती टाळी वाजवून म्हणाली, "मावशी, याच फितीचा एक तुकडा आपण इथल्या कार्डालाही वरच्या कडेला टाचू. खोका उघडला की वरूनच दिसेल." शिवाय दोघींनी मिळून खोक्यांवरची आडनावं फाडून टाकली आणि कार्डं आईच्या माहेराप्रमाणे लावली. गल्लीत बायकांना तशीच ओळख. कुणी शिरपूरवाली, कुणी साक्रीवाली. कुणी गावी निघाली की कार्डाची नक्कल सोबत द्यायची, म्हणजे तिकडच्या नर्सनं टोचलं तरी इकडे कळेल.

पहिल्या फिती सुकदेवनं मिलमधल्या कतरणीतून, म्हणजे कापून टाकलेल्या कापडाच्या पट्ट्यांतून, आणल्या. आठवडाभर नुसती मौज. आणि मग मालतीबाईंची फजिती झाली. रंगाच्या गावात रंगाचा काय तोटा? घरोघरचे पुरुष मिलमध्ये, घरोघर कतरणीचे गठ्ठे. शेजारणीच्या झोळीला दोन फिती, मग माझ्या बाळाची झोळी उघडी का? महिना उलटायच्या आत गल्लीतल्या झोळ्या गणपतीच्या मांडवासारख्या सजल्या. आठ दिवसांच्या एका पोराच्या डोक्यावर तर इतक्या फिती लोंबत होत्या की त्याला सगळं टोचून शाळेत घालायला हरकत नव्हती. सुषमा डोकं धरून बसली. मालतीबाईंनी गल्लीला बोलायचं तेवढं बोलून घेतलं, पण चूक आपली होती हे त्यांना कळत होतं, आणि त्या दोन दिवस गप्पच होत्या. एवढी शांतता ऐकून शेजारीण विचारायला आली, बरं नाही का म्हणून.

तिसऱ्या दिवशी सुकदेव कामावरून आला आणि चुलीजवळ एक पुडकं ठेवून हात धुवायला गेला. पुडक्यात फितींचं भेंडोळं होतं. जांभळा म्हणावा तर जांभळा नाही, राणी म्हणावा तर तोही नाही.

"कोनता रंग शे हाऊ?" मालतीबाईंनी विचारलं.

"वांगाना फूलना. दुसरा कोनले काढता येवाव नही. मास्तरले बी नही."

लग्नाआधी मालतीबाईंच्या बापाच्या वांग्याच्या वाफ्याशी सुकदेवनं त्यांना पहिल्यांदा पाहिलं होतं. त्या संध्याकाळी भाकरी करपली.

वांगीफुली रंगाची ती फीत मग मालतीबाई स्वतःच्या हातानं बांधायला लागल्या, आणि गाठही त्यांची त्यांनाच यावी अशी, टोक आत लपवलेली. आता खोटं चालेना. बघता बघता फितीला मान आला. झोळीला फीत नाही म्हणजे घरात काही कमी आहे असं व्हायला लागलं. सुना सासवांशी भांडून दवाखान्यात यायला लागल्या. उधन्याचे एक डॉक्टर आणि भेस्तानचे एक वयस्क डॉक्टर खोके बघायला आले, आणि सुकदेवला आणखी एक भेंडोळं रंगवावं लागलं. देसाई त्यांना खोके उघडून दाखवताना असे उभे राहत की जणू फ्रीजपासून फितीपर्यंत सगळं त्यांनीच शोधलं. मालतीबाई त्यांना उभं राहू देत.

फक्त एक घर वाकत नव्हतं. समोरच्या चाळीतल्या प्रमिलाबाई. घरात तीन नातवंडं, तिन्ही कोरी. मालतीबाई गेल्या की त्या जातं थांबवावं तसं बोलणं थांबवत आणि एकच उत्तर देत.

"पहिले सोतानी नातनी झोळीले फित बांधा. मंग माले सांगाले या."

हे बोलणं मालतीबाईंना लागायचं, कारण ते खरं होतं. वाल्मिकची बायको धनश्री पहिल्या बाळंतपणाला रिवाजाप्रमाणे माहेरी गेली होती, दोंडाईच्याजवळच्या धामणखेड्याला. पौषात मुलगी झाली, हर्षदा. जन्मल्यावरची लस झाली, दीड महिन्याची सुईही झाली; फिती मात्र मालतीबाईंनीच येऊन बांधायच्या म्हणून राहिल्या होत्या. पण त्या सुईनं मांडी सुजली, पोर रात्रभर रडली, आणि मालतीबाईंच्या विहीणबाईंनी, शोभाबाईंनी, जाहीर केलं की आता आपल्या लेकीच्या पोरीला कुणी हात लावायचा नाही. प्रमिलाबाईंचं माहेर तिथून दोन कोसांवर. त्यामुळे बातमी सुरतेला वाल्मिकच्या आधी पोचली. "तुमनी इहीनलेच इचारा ना," असं त्या वर म्हणायच्या, आणि मग त्यांचं बघून आणखी दोन घरं मागे सरकली.

डॉक्टरांनी समजावलं की एखादा दिवस ताप, थोडी सूज, हे व्हायचंच; त्यात भिण्यासारखं काही नाही. ते मालतीबाई स्वतःच रोज दहा जणींना सांगत होत्या. त्यांची भीती वेगळी होती. जगातल्या सगळ्या गोष्टी बोलणाऱ्या या बाईनं एक गोष्ट कुणाजवळ काढली नव्हती. वाल्मिकच्या पाठीवर त्यांना एक मुलगी झाली होती, गावी असताना. चार महिन्यांची असताना ती डांग्या खोकल्यानं गेली. खोकून खोकून निळी व्हायची आणि श्वास आत घेताना कोंबड्यासारखा आवाज यायचा. हर्षदाला आता चौथा महिना लागत होता, आणि कुणाच्या घरात लहान मूल खोकलं की मालतीबाईंच्या हातातलं काम थांबायचं. प्रमिलाबाईंच्या टोमण्याचं काही नाही. पोरगी वाचायला हवी होती.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खानदेशातल्या बाईला आखाजीला माहेर म्हणजे माहेरच. पांडेसऱ्यातल्या निम्म्या खोल्यांना कुलपं लागतात. मालतीबाईंनी डॉक्टरांकडून हर्षदाच्या नावाचं कार्ड करून घेतलं, तीन वांगीफुली फिती कमरेच्या पिशवीत घातल्या आणि उधन्याहून भुसावळ पॅसेंजर पकडली. सुकदेव पोचवायला आला होता. गाडी हलताना म्हणाला, "भांडजो नको." मालतीबाईंना एवढा राग आला की नंदुरबारपर्यंत त्या शेजारच्या बाईशी बोलल्या नाहीत.

धामणखेड्याला जीपमधून उतरल्या तेव्हा ऊन उतरत होतं. वेशीजवळच्या निंबाला झोके बांधलेले, पोरी गौराईची गाणी म्हणत होत्या. मालतीबाई गल्लीत शिरल्या आणि पहिल्याच घरापाशी थबकल्या. ओसरीत झोळी टांगली होती आणि झोळीच्या दोरीला दोन वांगीफुली फिती वाऱ्यावर हलत होत्या. गाठ त्यांचीच. पुढच्या घरी तीन. त्याच्या पलीकडे एक. सुरतेला दिलेल्या लेकी आखाजीला माहेरी आल्या होत्या आणि निघताना झोळी फितींसकट सोडून, गुंडाळून, बरोबर घेऊन आल्या होत्या. एका झोळीला तर सुषमानं कार्डाच्या नकलेबरोबर दिलेली नवी कोरी फीत मोकळीच ठेवलेली होती; पोरीची आई हसून म्हणाली, "कालच आठे नर्सनं टोचं, मावशी. कार्डवर लिखी दिधं. गाठ मारानं तुमनासाठे ठेवेल शे." मालतीबाईंनी तिथंच उभ्या उभ्या गाठ मारली. आपल्या नवऱ्यानं मिलच्या कोपऱ्यात कालवलेला रंग या गावात आपल्या आधी येऊन पोचला होता, आणि त्यांना इतका आनंद झाला की रस्त्यात फुगडी घालावीशी वाटली.

विहीणबाईंच्या दारात मात्र वेगळं पाणी होतं. शोभाबाईंनी पायावर पाणी घातलं, चहा दिला, पण तोंड टोपलीएवढं. धनश्री मधल्या दारात हर्षदाला घेऊन उभी, कधी आईकडे बघ, कधी सासूकडे. आणि तिच्या मागे झोळी. साडी भारीतली, दोरी नवी, पण फीत नाही.

मालतीबाईंनी गाडीत हजार उत्तरं तयार केली होती. पहिला शब्द काढायच्या आत शोभाबाईच फुटल्या.

"इहीनबाई, मनी पोरनं काय चुकनं ते सांगा! गावमा समद्या सुरतवाल्यास्ना झोळीले फित शे. ती धोबीनी पोर, तिले बी सासरनी फित दिधी. रंग तुमना घरमा बनस, आनि मनी धनश्रीलेच फित नही? लोके माले इचारतस, सासरना काही राग शे का म्हनीसन!"

मालतीबाईंच्या पोटातून हसू वर येत होतं. ते त्यांनी चहाबरोबर गिळलं. लेकीचा मान राहून गेला म्हणून ही बाई चार दिवस जळत होती, आणि आपण समजत होतो ती सुईवरून जळतेय!

"फित मानपाननी नही वं, इहीनबाई," त्या हळू म्हणाल्या. "फित सुईनी शे. सुई व्हयनी का मगच फित."

शोभाबाईंचं तोंड एकदम बारीक झालं. "मांडी अशी सुजेल व्हती," त्यांनी मुठीनं दाखवलं. "रातभर रडनं लेकरू. माले ते देखायनं नही."

आता या वाक्याला मालतीबाईंकडे उत्तरं होती. पांडेसऱ्यात त्या ती रोज पाजळायच्या. पण समोर बसलेली बाई पोरीच्या दुखण्यानं घाबरलेली होती, आणि मालतीबाईंनाही तीच भीती होती. दोघी एकाच पोरीला जपत होत्या. त्यांच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"मनी बी एक पोर व्हती. वाल्मिकना पाठवरनी. हर्षदा एवढी. डांग्या खोकलामा गई. तिले सुई भेटनी नही... माले ठाऊकच नव्हतं."

धनश्रीनं पोरीला छातीशी घट्ट धरलं. तिनं हे कधी ऐकलं नव्हतं. वाल्मिकलाही ठाऊक नव्हतं. शोभाबाई उठल्या, कप उचलले, उगाचच धुतले, पालथे घातले. मग पदराला हात पुसत म्हणाल्या,

"लेकरूले मी धरसू. आनि तुमी काही बोलानं नही."

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी नर्स उषाबाई पेटी घेऊन आल्या. शोभाबाई पोरीला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसल्या आणि त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. सुई टोचली. हर्षदा रडली, आईनं पाजायला घेतलं तशी थांबली. शोभाबाई थांबेनात. मालतीबाई ओठ दाबून बसल्या होत्या. बोलायचं नाही म्हणजे नाही. संध्याकाळी पोरीचं अंग कोमट झालं, उषाबाईंनी दिलेली पाव गोळी चमच्यात विरघळवून दिली, आणि सकाळी हर्षदा झोळीत पाय झाडत खुदुखुदू हसत होती. दोन्ही आज्यांनी मांडी चाचपून पाहिली. चिंचोक्याएवढी गाठ होती, एवढंच.

मालतीबाईंनी पिशवीतून तीन फिती काढल्या. एवढ्या झोळ्यांना गाठी मारलेले हात दोरीशी गेले. डोळ्यांत पाणी आलं, दोरी दिसेना.

"आते बोला ना काही," शोभाबाई म्हणाल्या. "आते चाली."

मालतीबाईंनी फिती विहीणबाईंच्या हातात दिल्या आणि झोळीकडे बोट केलं. शोभाबाईंनी जन्मात एकच गाठ मारली होती, गोठ्यात दाव्याची. तीच त्यांनी मारली, तीन वेळा, पाय लावून ओढावी तशी करकचून.

आठवड्यानं सून आणि नात घेऊन मालतीबाई पांडेसऱ्यात परतल्या. झोळी टांगली आणि दार सताड उघडं ठेवलं. गल्ली येऊन बघून गेली. डॉक्टर देसाई दवाखाना सोडून आले, तीन फिती पाहून "वाह, वाह" करत पोरीच्या हातात आमरसाची वाटी द्यायला निघाले तेव्हा धनश्रीनं अडवलं. शेवटी पदर सावरत समोरून प्रमिलाबाई आल्या. मागोमाग नातवंडं. त्या झोळीजवळ गेल्या, फिती चिमटीत धरून पाहिल्या, गाठ उलटीसुलटी केली आणि त्यांचे डोळे चमकले.

"ही गाठ तुमनी नही. ही ते गाय बांधानी गाठ शे."

गल्ली दाराशी आणखी जवळ सरकली.

"मनी नहीच," मालतीबाई म्हणाल्या. "मनी इहीननी शे."

"शोभानी?"

"तिनीच बांधी. पोरले मांडीवर बी तिनीच धरं."

प्रमिलाबाईंनी गाठीवरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला. मग धाकट्या नातवाला उचलून कडेवर घेतलं आणि दुसरीकडे बघत विचारलं, "दाक्तर कितला वाजता बसस?"

मालतीबाईंनी जे उत्तर दिलं ते गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू गेलं.